लांबी नको बघूस, जागा बघ

अगं, तू फोनवर कुजबुजत बोलत होतीस तेव्हाच मी ओळखलं, की मामंजींचा ट्रान्झिस्टर माळ्यावरून खाली आलाय, पण परसात तार बांधायची आहे हे तू घरात अजून कुणाला सांगितलेलं नाहीस. आधी ते सांगून टाक. नवी सून म्हणून तुला संकोच वाटतो हे कळतं मला. पण तार काही लपणारी वस्तू नव्हे. उद्या गोठ्याच्या कोपऱ्यापासून आंब्यापर्यंत काहीतरी लोंबताना दिसलं, की वाडीभर चौकशी होणार. त्यापेक्षा जेवणं उरकल्यावर ओसरीवर मामंजींनाच विचार, तुमच्या वेळी एरियल कुठं बांधायचे? त्या पिढीतल्या माणसाकडे यावर सांगण्यासारखं पुष्कळ असतं. घराघरांत खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी ताणलेली असायची. रेडिओचं लायसन पोस्टात जाऊन काढायला लागायचं, ते ऐंशीच्या दशकात बंद झालं. आता ऐकायला कुणाचा परवाना लागत नाही. घरच्यांचा तेवढा घे, आणि मोकळेपणानं घे.

भाऊजी म्हणतील, वहिनी, तुम्ही राहू द्या, मी बांधून देतो. त्यांना शिडी धरायला सांग. तार तू सोल, गाठी तू मार, जोड तू कर. उद्या आवाज बसला तर कुठला जोड सैल झालाय हे ज्यानं जोडलं त्यालाच कळतं, आणि मला ते तुला कळायला हवंय.

आता मुद्द्याचं सांगते. तू विचारलंस, किती लांब तार घेऊ? सगळेच आधी हे विचारतात. माझं म्हणणं असं, की लांबीची काळजी मागाहून कर. आधी घरापासून लांब अशी शांत जागा शोध. तुझ्या सेटवर जो खर्रर्र आवाज येतो, तो सेट जुना झाल्यामुळे येतो असं तुला वाटतंय. बहुतेक वेळा तसं नसतं. तो घरातून येतो. एलईडीचे दिवे, मोबाइलचे चार्जर, सेट-टॉप बॉक्सचा अॅडॉप्टर, इन्व्हर्टर, हे सगळे आतल्या आत वीज फार वेगानं चालू-बंद करत असतात आणि त्यातून लघुलहरींच्या पट्ट्यात कचरा सांडतो. रेडिओची दांडी त्या कचऱ्याच्या मधोमध उभी असते. तार लांब केलीस आणि ती घरावरूनच नेलीस, तर केंद्राचा आवाज वाढेल आणि खरखरही तेवढीच वाढेल. हाती काही लागणार नाही. एका मर्यादेपुढे लांबीचा तसाही उपयोग नाही, कारण आभाळातून येणारी खरखरसुद्धा तारेबरोबर वाढतच जाते. केंद्र खरखरीच्या किती वर उठून येतं, एवढंच बघायचं.

हे मी मनचं सांगत नाही. आपल्याच जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जी मोठी रेडिओ दुर्बीण आहे, ती तिथं का बांधली? गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागा निवडताना जे पाहिलं त्यात माणसानं केलेला रेडिओचा गोंगाट तिथं कमी आहे ही मोठी गोष्ट होती. ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या आहेत तिथं, आणि त्या थाळ्या पत्र्याच्या नाहीत. अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड अशा पोलादी तारेच्या जाळीच्या आहेत. ती दुर्बीण लघुलहरी ऐकत नाही, तिचा पट्टा खूप वरचा. पण तारेनं ऐकायचं आणि शांत जागी बसून ऐकायचं, हा हिशेब तोच.

तेव्हा पहिलं काम हे कर. संध्याकाळी सातच्या सुमाराला सेट सेलवर लाव, भिंतीतल्या विजेवर नाही. एखादं हलकं केंद्र धर. मग घरात सांगून मेन स्विच पाड. खरखर एकदम खाली आली तर चोर घरात आहे. मग एकेक दिवा, एकेक चार्जर लावत जा आणि कान देऊन ऐक. कुठला दिवा लावल्यावर सेट ओरडतो ते कळलं, की तो बदल किंवा ऐकताना बंद ठेव. मेन पाडूनही खरखर तशीच राहिली तर ती बाहेरून येतेय, खांबावरून, रोहित्रावरून, नाहीतर शेजारच्या घरातून. अशा वेळी सेट हातात घेऊन परसात, बांधापर्यंत चालत जा. जिथं आवाज निवतो ती तारेची जागा. लाइट जाते तेव्हा तर आवर्जून ऐकत जा. सगळं गाव बंद पडलं, की त्याच सेटवर काय काय येतं ते बघ.

सारोळ्यात तुझं घर हमरस्त्याकडे तोंड करून आहे. पुणे-साताऱ्याची ती रहदारी, ढाब्यांच्या पाट्या, दुकानांचे दिवे, सगळं पुढच्या अंगाला. म्हणून तार पुढे अंगणात नको. मागं, शेताच्या बाजूला ने. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरपासून आणि तिच्या केबलपासूनही दूर ठेव, आणि विजेच्या तारांना समांतर नेऊ नकोस. रस्ता किंवा गाडीवाट ओलांडून तर मुळीच नको. उसाची ट्रॉली केवढी उंच भरतात ते तू बघतेसच.

आता लांबी. लघुलहरींची केंद्रं मीटरांच्या पट्ट्यांत बसवलेली असतात. मामंजींच्या सेटच्या काचेवर ४९, ४१, ३१, २५, १९ असे आकडे छापलेले दिसतील. दिवसा वरचे, म्हणजे २५, १९, १६ मीटरचे पट्टे चालतात. अंधार पडला, की ३१, ४१ आणि ४९ जागे होतात. ऊन असताना आभाळातला खालचा थर लांब लहरी गिळून टाकतो. रात्री तो विरतो आणि वरच्या थरावर आपटून त्या लहरी हजारो मैलांवर उतरतात. म्हणून सूर्य मावळताना बसलीस तर तास-दीड तासात सेटवरची अख्खी वस्ती बदललेली ऐकू येते. माझी सगळ्यात आवडती वेळ ती.

एकच पट्टा नेमका धरायचा असेल तर मधोमध तोडलेली दोन हातांची तार बांधतात. १४३ ला मेगाहर्ट्झनं भागलं, की तिची एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. ३१ मीटरच्या पट्ट्यासाठी ९.६ धर, म्हणजे साधारण १५ मीटर, दोन्ही बाजूंना साडेसात-साडेसात. पण तुला सगळेच पट्टे फिरायचे आहेत, म्हणून तू एका टोकाची साधी लांब तार घे. पंधरा ते वीस मीटर, पन्नास-पासष्ट फूट. तेवढी पुष्कळ झाली. दिशेची फार चिंता करू नकोस. एवढ्या कमी उंचीवरची तार सगळीकडचं थोडं थोडं ऐकतेच.

हा हिशेब करताना मला दर वेळी उषा मेहता आठवतात. १९४२ च्या ऑगस्टमध्ये सगळे पुढारी तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर बंधनं आली, तेव्हा मुंबईत त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, ४२.३४ मीटरवर. त्या तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. यंत्र एका घरातून दुसऱ्या घरात हलवत राहायचं, प्रत्येक जागी तार नव्यानं बांधायची, आणि पोलिसांच्या शोधगाड्या आवाजाचा माग काढत फिरताहेत. १२ नोव्हेंबरला त्या पकडल्या गेल्या. काही वर्षं येरवड्याच्या तुरुंगात काढली, १९४६ मध्ये सुटल्या. पुढे राज्यशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. ३०० ला ४२.३४ नं भागून बघ, ७ मेगाहर्ट्झच्या थोडं वर येतं. त्या लहरीची अर्ध्या मापाची तार वीस-एकवीस मीटरची होते, म्हणजे तू बांधणार आहेस जवळजवळ तेवढीच. आज त्याच जागी हॅमवाले, म्हणजे हौशी रेडिओवाले, बोलत असतात. त्यांचं बोलणं या साध्या सेटवर बदकासारखं फाटकं ऐकू येतं, त्याला वेगळी सोय असलेला सेट लागतो, पण पट्टा तोच. तुझ्या घरात कुणी म्हणालं, की हे बायकांचं काम नाही, तर वाद घालू नकोस. हे एवढं नुसतं सांग.

आता तार. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात जा, आपल्याकडं विहिरींच्या मोटारी इतक्या जळतात, की असं दुकान नाही असा बाजार नाही. तिथं वाइंडिंगची जाडसर तांब्याची तार किलोवर मिळते. मजबूत असते. मात्र तिच्यावर लाखेसारखा थर असतो. जोडाच्या जागी तो ब्लेडनं खरवडून तांबं लखलखीत दिसेपर्यंत घासायचं, नाहीतर जोड दिसतो पण जुळत नाही. ती नको असेल तर घरच्या फिटिंगची एक चौरस मिलिमीटरची वायर आण, प्लॅस्टिक काढायचीसुद्धा गरज नाही. सळ्या बांधायची काळी तार मात्र नको, पहिल्या पावसात गंजेल.

तारेची टोकं थेट झाडाला बांधायची नाहीत. मध्ये चिनी मातीचं अंडं घाल, खांबाच्या ताणाला असतं ना तसलं. हार्डवेअरमध्ये मिळेल. नाही मिळालं तर पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा, दोन्ही टोकांना भोकं पाडून. त्याच्या पलीकडे नायलॉनची दोरी.

दोरी झाडावर चढवायला कुणाला शेंड्यापर्यंत पाठवू नकोस. गोफण आण. ज्वारीच्या दिवसांत पाखरं उडवायची ती. गोट्याला बारीक सुतळी बांध, समोर माणूस-जनावर-कौलं नाहीत ते बघ आणि फांदीवरून पलीकडं टाक. सुतळीला दोरी बांधून ओढून घे, दोरीला कप्पी. कप्पीतून तारेची दोरी घे आणि खाली सोडलेल्या टोकाला वीट बांध. वाऱ्यानं झाड हललं, की वीट वर-खाली होते, तार तुटत नाही. ही वीट बांधायला विसरतात ते आषाढातल्या पहिल्या वाऱ्याला तार जमिनीवरून गोळा करतात. झोळ थोडा राहू दे, ताठ ओढू नकोस.

पुढची गोष्ट जरा किचकट आहे, पण फरक इथंच पडतो. तार शांत जागी बांधलीस, तरी तिथून घरात आणायची कशानं? साधी वायर आणलीस तर घराशी येताच ती पुन्हा कचरा गोळा करायला लागते. म्हणून शेवटचा टप्पा जाळीवाल्या केबलचा हवा. जुन्या डिशची काळी केबल कुठंतरी गुंडाळून पडलेली असेलच, तीच घे. तिची मधली तार सिग्नल आणते आणि वरची जाळी गोंगाट अडवते. तार जिथं खाली उतरते तिथं, घरापासून शक्य तितकं लांब, जमिनीत अर्थिंग कर. चार-पाच फुटांचा जीआय पाइप ठोक, भोवती मीठ-कोळसा घाल, मोरीचं पाणी वाहतं तशी ओली जागा असेल तर फारच छान. केबलची जाळी तिथं पाइपाला जोड. डिशच्या केबलची जाळी बहुधा अॅल्युमिनियमची असते, तिला डाख धरत नाही. उगाच कैय्या तापवत बसू नकोस, पिळून स्क्रूच्या कनेक्टरखाली घट्ट दाब. घराच्या फिटिंगच्या अर्थिंगला हे जोडू नकोस आणि सेट सेलवरच चालव. सेटकडच्या टोकाला मधली तार दांडीला चिमट्यानं लाव, जाळी सेटच्या 'अर्थ' खुणेच्या खाचेत.

मधली तार आणि उघडी तार यांच्यामध्ये एक छोटा ट्रान्सफॉर्मर घातला तर केबलमध्ये सिग्नल वाया जात नाही. फेराइटच्या कड्यावर तारेच्या बाजूला नऊ वेढे, केबलच्या बाजूला तीन. नऊ वेढ्यांचं एक टोक उघड्या तारेला, दुसरं अर्थिंगच्या पाइपाला; तिनाचं एक टोक मधल्या तारेला, दुसरं जाळीला. जुन्या कॉम्प्युटरमधलं पिवळं-पांढरं कडं घेऊ नकोस, ते लोहाच्या भुकटीचं असतं, इथं कामाचं नाही. बसवल्यावर साबणाच्या डबीत घालून कडेला मेण लाव, पाऊस आत जाता कामा नये. हे लगेच जमलं नाही तरी अडत नाही. आधी तार थेट लावून ऐक, कडं मागाहून घाल.

आता दोन गोष्टी, आणि या मी विनंती म्हणून सांगत नाही. पहिली: महावितरणच्या कुठल्याही तारेच्या वर, खाली किंवा जवळ तुझी तार येता कामा नये. तुझी तार तुटून कुठंही पडली तरी विजेच्या तारेला शिवणार नाही, आणि ती तुटली तरी तुझ्या तारेवर येणार नाही, एवढं अंतर मोजून ठेव. घरात येणारी सर्व्हिस वायरसुद्धा यात धर. शिडी बांबूची घे, अॅल्युमिनियमची नको.

दुसरी गोष्ट विजांची. तुझ्या सासूबाई म्हणतील, तार बांधली तर वीज घरात येईल. त्यांना हसू नकोस, त्यांची भीती खरी आहे. वळवाच्या पावसात, आणि परत पाऊस माघारी फिरताना, आपल्याकडं विजा फार. म्हणून नेम असा ठेव, की ऐकून झालं, की केबल सेटपासून काढायची आणि तिचं टोक खिडकीबाहेर काढून पार अर्थिंगच्या पाइपापर्यंत नेऊन अडकवायचं. दररोज, आभाळ निरभ्र असलं तरीही. ढग गडगडायला लागल्यावर काढायला धावायचं नाही. तेव्हा तिला हातसुद्धा लावायचा नाही. हे तू कसं करतेस ते सासूबाईंना एकदा दाखव, पाइप कुठं ठोकलाय तेही दाखव. त्यांना पटलं, की पुढचा विरोध आपोआप मावळेल, आणि एखाद्या दिवशी तू विसरलीस तर त्याच आठवण करतील.

तार लावल्यावर एक गंमत होईल. पुण्याचं ७९२ किलोहर्ट्झचं केंद्र आहे मध्यमलहरींवर, ते भलत्याच पट्ट्यात, दोन-तीन ठिकाणी ऐकू यायला लागेल. घाबरू नकोस. लहान सेटला एवढा मोठा घास गिळत नाही. चिमटा दांडीला थेट न लावता वायरीचे दोन-तीन वेढे दांडीभोवती नुसते गुंडाळ, आवाज थोडा उतरेल आणि भुतं पळतील.

ऐकशील काय? पूर्वीएवढी गर्दी आता नाही, हे मनाची तयारी करून घे. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ ला सुरू झाली तीसुद्धा लघुलहरींवरच, आणि सिलोनवर अमीन सायानींची गीतमाला घरोघरी लागायची ती याच पट्ट्यांतून. बीबीसी हिंदीचं लघुलहरींवरचं प्रसारण ३१ जानेवारी २०२० ला थांबलं. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं. पण बीबीसीचं इंग्रजी आहे, चीनचा रेडिओ कितीतरी भाषांत आहे, आकाशवाणीची परदेशांसाठीची सेवा आहे. वेळापत्रक मार्च आणि ऑक्टोबरच्या अखेरीस बदलतं. तेव्हा नेहमीचं केंद्र जागेवर दिसलं नाही तर तार तपासायच्या आधी तारीख बघ.

एक वही कर. तारीख, वेळ, पट्टा, भाषा, आवाज कितपत स्वच्छ, मध्ये कुणी घुसतं का. वेळ जागतिक लिही, आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून, कारण केंद्रवाले तीच मागतात. असा नेमका वृत्तांत पाठवला, की पुष्कळ केंद्रं ऐकल्याची पोच म्हणून चित्राचं कार्ड पाठवतात. आकाशवाणीही पाठवते. सारोळे, तालुका भोर, असा पत्ता लिहिलेलं कार्ड येईल, म्हणून सांगून ठेव पोस्टमनला.

आणि हो, मामंजींना हेही सांग. १९२७ साली विलायतेशी लघुलहरींवरून तारसंदेशांची ये-जा सुरू झाली तेव्हा पाठवायचं केंद्र खडकीला होतं आणि ऐकायचं केंद्र दौंडला. दोन्ही आपल्याच जिल्ह्यात, पण एकमेकांपासून लांब ठेवली होती, कारण बोलणाऱ्याच्या शेजारी बसून दूरचं ऐकू येत नाही. त्यांना आवडेल ते. भाऊजींना मेन स्विच पाडायला लावशील तेव्हा हेच कारण सांग.

येत्या रविवारी मेन पाडून बघ आणि कुठल्या दिव्यानं आवाज केला ते मला लिहून पाठव. परसाचं एक चित्रही काढ: आंबा कुठं, विहीर कुठं, विजेचा खांब कुठं, मधलं अंतर पावलांत. ते बघितल्याशिवाय तारेचे पैसे खर्चू नकोस. वळीव सुरू व्हायच्या आत पाइप ठोकून झाला पाहिजे, तार त्यानंतर वर जाऊ दे.